अचल कंपनीचा मुंगळा

गाडीच्या कंपनीला 'अचल' हे नाव देऊ नये, असं थोरल्या मालकांना पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. बायकोनं सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, पाटी रंगवायला आलेल्या रंगाऱ्यानंही सांगितलं. "गाडी हलणार नाही हे आधीच लिहून देताय होय?" असं म्हणत त्यानं ती पाटी रंगवली. थोरले मालक त्याआधी पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. हट्टी माणूस. एकदा उच्चारलेला शब्द माघारी घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि एव्हाना पाटीवरचा रंगही वाळला होता.

ही हकीकत कंपनीच्या तपासणीबाईंना तोंडपाठ होती, कारण त्यांचे वडील त्या पहिल्या शेडमध्ये फिटर होते आणि जेवताना दुसरा विषय काढत नसत. वडिलांच्या बोलण्यात खरं किती आणि पदरचं किती, हे बाईंनी पुढे स्वतः पडताळून पाहिलं होतं. तो त्यांचा स्वभावच. कारखान्यात त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'चाळणी' म्हणत. तयार झालेली प्रत्येक गाडी त्यांच्या हाताखालून जाई, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय फाटकावरचा पहारेकरी अडसर वर करत नसे. खुद्द मालकांची गाडी त्यांनी एकदा दाराच्या बिजागरीवरून परत पाठवली होती.

वडिलांच्या हकीकतींपैकी पुलाची हकीकत मात्र पूर्ण खरी निघाली. कंपनी सुरू झाली तेव्हा पोलाद मिळायची मारामार होती. नदीवरचा एक जुना लोखंडी पूल पाडला जात होता. थोरल्या मालकांनी त्याच्या तुळया उचलून आणल्या, कापल्या आणि त्यातून पहिल्या गाड्यांचे सांगाडे केले. तुळयांना पुलाच्या रिव्हेटची भोकं आधीपासूनच होती. ती बुजवत बसायला सवड नव्हती, म्हणून मालकांनी गाडीच अशी आखली, की प्रत्येक भोक कुठे ना कुठे कामी यावं. इथे इंजिन बसेल, इथे स्प्रिंगचे पाटे अडकतील, इथे टाकी टांगता येईल. सगळी भोकं खपली, एक सोडून. तिसऱ्या आडपट्टीच्या मधोमध अंगठा जाईल एवढं एक भोक उरलं. त्याला काहीच काम नव्हतं. पुढे नवं पोलाद आलं, तेव्हा जुना सांगाडा समोर ठेवून नव्याचं माप घेतलं गेलं आणि ते भोकही मापात आलं. बऱ्याच वर्षांनी एका नव्या इंजिनिअरनं ते काढून टाकायचं म्हटलं, तेव्हा थोरले मालक म्हणाले, "राहू दे. ते आपल्या आधीचं आहे."

त्या सांगाड्यावर उभी राहिलेली गाडी म्हणजे मुंगळा. कागदोपत्री तिचं नाव भलतंच काहीतरी होतं, ते कुणी वापरलं नाही. नाक आखूड, मागे माल भरायला लाकडी हौदा, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि स्वतःच्या वजनाच्या दुप्पट ओझं उचलायची खुमखुमी. एक अख्खी पिढी त्याच्यावर जगली. मग रस्ते गुळगुळीत झाले, लोकांना वेग हवासा झाला, आणि अचलनं मुंगळा बनवणं बंद केलं. आता कंपनीच्या काचेच्या इमारतीत विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार होत. त्या इतक्या गुपचूप चालत, की पहारेकऱ्याला त्या मागे येऊन उभ्या राहिल्याचा पत्ता लागत नसे.

कंपनीला पाऊणशे वर्षं होत आली, तेव्हा थोरल्या मालकांच्या नातीला, म्हणजे आताच्या मालकीणबाईंना, दर्शनी दालनात एक मुंगळा उभा करावासा वाटला. आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की कंपनीकडे एकही मुंगळा नाही. दुसऱ्या कुठल्याही कंपनीनं आपली पहिली गाडी काचेआड जपली असती. अचलनं नमुन्याला बनवलेल्या गाड्यासुद्धा विकून टाकल्या होत्या, कारण थोरल्या मालकांचा दंडकच तसा होता. "उभी गाडी म्हणजे अंगणातला मुडदा. काढा बाहेर." त्यांनी स्वतःची गाडीही अशीच काढली आणि शेवटची वर्षं सायकलवरून कारखान्यात आले.

जाहिराती दिल्या. कुणाकडे नुसता हौदा निघाला, त्यात कोंबड्या. कुणाकडे दोन चाकं निघाली, ती रहाटाला लावलेली. मग एक फोटो आला, दूरच्या डोंगराळ भागात भटकायला गेलेल्या कुणीतरी पाठवलेला. घाटाच्या वळणावर दगडांनी भरलेला मुंगळा, नवाकोरा. 'नवाकोरा' हा शब्द बाईंच्या तोंडून निघाला, आणि स्वतःच्याच शब्दानं त्या दचकल्या. त्यांनी फोटो मोठा करून पुढच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक वाचला. कंपनीनं शेवटच्या मुंगळ्यावर घातलेला आकडा त्यांना पाठ होता. हा आकडा त्याच्या कितीतरी पुढचा होता.

"म्हणजे कुणीतरी नकली माल काढतंय," कंपनीचा वकील म्हणाला. तरुण, चटपटीत, कायम कोटात. "तिथल्या कोर्टात द्यायचा अर्ज मी तयार करतो. मला तज्ज्ञाचं एक वाक्य लागेल, 'ही गाडी अचलची नाही.' बाई, तेवढं तुम्ही म्हणालात की त्यांच्या कारखान्याला आठवड्यात टाळं."

"आणि आहे म्हणाले तर?"

"असेल कशी? आपण बनवणं बंद केल्यावर हा नंबर आला कुठून?"

"बघितल्याशिवाय मी वाक्य देत नाही."

मालकीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. "मग बघून या. बाई म्हणतील ते शेवटचं."

पायथ्याच्या गावापर्यंत दोघं कंपनीच्या नव्या गाडीतून आले. पुढचा रस्ता पाहून त्या गाडीनंच हात टेकले. पोटाला दगड घासला, पडद्यावर लाल दिवे लागले, आणि वकिलानं कितीही बटणं दाबली तरी ती हूं की चूं करीना. तेवढ्यात मागून धडधड ऐकू आली. एक मुंगळा त्यांच्या शेजारी येऊन थांबला. स्टिअरिंगच्या चाकावर तिशीची एक बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"वर जायचंय? मग चढा की. तुमची ही कपाटासारखी वस्तू इथेच राहू द्या, कोण नेतंय तिला. साहेब, तुम्ही मध्ये बसा. त्या बाजूचं दार कधीकधी आपलं आपण उघडतं."

"बिजागरी झिजली असेल," बाई सवयीनं म्हणाल्या.

"अहो, बिजागरी नवी आहे. मीच बसवली. मुंगळ्याचं दार असतंच तसं."

मुंगळ्याचं दार होतंच तसं. त्यांचे वडील म्हणायचे, मुंगळ्यात बसताना एक हात देवाला जोडावा आणि एक दाराला लावावा.

चढ सुरू झाला. चालवणारी आपल्या तंद्रीत बोलत होती. खाणीतला दगड ह्याच गाड्या नेतात, लाकूड ह्याच, पाणी आटलं की पाण्याच्या टाक्या ह्याच. बाळंतिणीला दवाखान्यात नेते तीही हीच आणि मयत खाली न्यायचं तेही हिच्यातूनच. "दुसरी कुठली गाडी इथे चढत नाही. एकदा एकानं चकचकीत आणली होती. आता तिच्यात त्याच्या शेळ्या झोपतात."

वळणावर एक मुंगळा समोरून आला आणि कडेला अंग चोरून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक. त्याच्यामागे आणखी. बाईंनी आधी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पलीकडच्या डोंगरावर रस्ता वरपासून खालपर्यंत उलगडला होता, आणि त्या सबंध रस्त्यावर, एकामागून एक, लहान होत होत पार ठिपक्याएवढे होईपर्यंत, मुंगळेच मुंगळे चालले होते. सगळ्या दरीला एकच धडधड भरून राहिली होती. बाईंनी अख्ख्या आयुष्यात एका जागी इतके मुंगळे पाहिले नव्हते. कंपनीच्या भरभराटीच्या दिवसांतही नाही.

"तुम्ही दोघं कुठले म्हणायचे?" चालवणारीनं विचारलं.

वकिलानं वाटेत दहादा बजावलं होतं, की आपण कोण ते बोलायचं नाही. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि आता तर सुचतही नव्हतं.

"आम्ही अचल कंपनीतून आलोय."

वकिलानं डोळे मिटून घेतले. मुंगळा ऐन चढावर थांबला. चालवणारी दोन्ही हात चाकावर ठेवून वळली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अचल?" ती हळूच म्हणाली. "आहे अजून?"

"आहे की."

"आम्हाला वाटलं, बुडाली. सुटे भाग यायचे बंद झाले, निरोपाला उत्तर नाही. आमचे मामंजी म्हणतात, थोरले गेले असतील आणि पोराबाळांनी विकून खाल्लं असेल."

"तसंच काहीसं," बाई म्हणाल्या. वकिलानं त्यांना कोपरानं ढोसलं.

त्यानंतर ती सून गाडी हाकत नव्हती, उडवत होती. हॉर्नवरचा हात तिनं थेट गाव येईपर्यंत उचलला नाही.

डोंगराच्या कुशीत सपाट केलेल्या जागेवर पत्र्याच्या चार-पाच शेड होत्या. बाई पहिल्या शेडमध्ये शिरल्या. तिथे भट्टी धगधगत होती, फुटक्या पंपांची कवचं आणि तुटकी चाकं वितळवून त्यांचा लाल रस वाळूच्या साच्यांत ओतला जात होता. साचे इंजिनाचे होते. दुसऱ्या शेडमध्ये तापवलेले पाटे वाकवत होते. तिसरीत सांगाडे. चौथीत लाकूडकाम, हौद्याच्या फळ्यांचा वास. बाई चालता चालता सावकाश झाल्या. भट्टी पूर्वेला, पाटे दाराशी, सांगाडे मधोमध, सुतार सगळ्यात शेवटी. ही मांडणी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण त्यांना ती ठाऊक होती. वडिलांनी जेवताना ती बोटानं ताटात काढून दाखवली होती. अचलची पहिली शेड अशीच होती. ती केव्हाच पाडली गेली होती आणि ह्या डोंगरातल्या कुणीही ती पाहिलेली नव्हती.

"ही अशी रचना तुम्हाला कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं.

"सांगणार कोण? गाडीनंच सांगितली." मागून आवाज आला. "पाटे आत केले, तर ते बाहेर आणताना सांगाड्यावर आपटायचे. सुताराला भट्टीशेजारी बसवला, तर त्यानं शिव्या दिल्या. करता करता बसलं असं."

बोलणारा म्हातारा ओतारी होता, सुनेचे मामंजी. सगळे त्यांना तात्या म्हणत. भुवया भट्टीनं जळून गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अचलच्या तुम्ही? या. जरा उशीरच केलात. तक्रार केली होती मी, पुढचे पाटे मिळत नाहीत म्हणून."

"कधी?"

"माझ्या डोक्यावर केस होते तेव्हा."

भोवती जमलेले हसले. बाई हसल्या नाहीत. "मग काय केलंत?"

"काय करणार? पाटे बनवले. मग बुश बनवले. मग एकाचा दांडा मोडला, तो बनवला. एकेक हाड बदलता बदलता जास्तीची हाडं साठत गेली. एक दिवस ह्या सुनेची सासू, म्हणजे आमची कारभारीण, केर काढायला आली आणि म्हणाली, 'अहो, इथे एक सबंध गाडी पडलीय आणि तुम्ही तिच्यावर पाय देऊन चालताय.' बघतो तर खरंच. जोडली. उभी राहिली." तात्यांनी हात झटकले. "मग थांबलोच नाही."

"आणि नंबर? नंबर पुढचा का घातलात?"

"मग काय एकपासून सुरू करायचं? घरात नवं पोर आलं, म्हणून थोरल्याला धाकटं म्हणतात का कुणी? तुमची इकडे आलेली शेवटची गाडी होती, तिच्या पुढून धरलं. मधल्या काही तुमच्याकडेच राहिल्या असतील म्हणून थोडी जागाही सोडली."

वकील वहीत भराभर लिहीत होता. त्याला हवं ते सगळं आपणहून मिळत होतं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या सांगाड्यांच्या शेडमध्ये परत गेल्या, लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या एका उघड्या सांगाड्यापाशी वाकल्या आणि तिसऱ्या आडपट्टीवर हात फिरवला. मधोमध अंगठा जाईल एवढं भोक होतं. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेली.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

शेडमध्ये एकदम चर्चा उसळली. पाटे वाकवणारा म्हणाला, सांगाडा पीळ खातो तेव्हा तिथून ताण निघून जातो. सुतार म्हणाला, पाणी निथळायला. सून म्हणाली, "मला शिकवताना सांगितलं होतं, तिथून गाडी श्वास घेते. एकदा विसरले होते पाडायला. मामंजींनी सगळा सांगाडा उलटा करायला लावला."

"तुम्ही सांगा की," तात्या म्हणाले. "तुमचंच आहे ते."

बाईंनी पुलाची हकीकत सांगितली. नदी, तुळया, रिव्हेट, सगळं. हातचं राखलं नाही आणि पदरचं घातलंही नाही. ऐकताना घण थांबले, लेथ थांबलं. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही माणसं खजील होतील. इतकी वर्षं जपलं ते काय, तर एक बिनकामाचं भोक.

तात्यांनी त्या भोकात अंगठा घातला आणि तसाच ठेवला. न पाहिलेल्या नदीवरच्या न पाहिलेल्या पुलाला हात लागल्यासारखे ते उभे राहिले. "म्हणजे," ते म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं डोंगरात पूल बांधतोय होय?"

पाटे वाकवणारा पुढे आला आणि त्यानंही अंगठा घालून पाहिला.

वकील खाकरला. त्याला हे काम आवडत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण कामात तो चोख होता. आपण कशासाठी आलो ते त्यानं सरळ सांगितलं. नाव अचलचं आहे, आकार अचलचा आहे, हक्क अचलचा आहे. ह्या गाड्या अचलच्या नाहीत असं बाईंनी म्हटलं, की हा कारखाना बंद होईल. पुन्हा एकही मुंगळा इथून बाहेर पडणार नाही.

सुनेचा चेहरा उतरला. "मग दगड कोण नेणार? तुमचं ते कपाट?"

"थांब गं," तात्या म्हणाले. ते बाईंकडे वळले. "टाळं लावायचं तर लावा. तुमचं नाव आहे, आम्ही काही चोरून लपवून केलेलं नाही. पण बाई, आधी एक सांगा. आम्ही आमच्या मनानंच करत आलोय. बरोबर केलं की चूक, विचारायला माणूस नव्हता. तुम्ही बघता ना गाड्या? मग बघा. कशी झालीय ते सांगा, मग काय ते करा."

शेडच्या तोंडाशी त्या सकाळी पूर्ण झालेला एक मुंगळा उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत त्यांच्या डोक्यात वकिलाचं वाक्य घोळत होतं, दोन्ही बाजूंनी. 'अचलची नाही' म्हणावं तर ते खरं होतं; अचलच्या कुणाचाही हात ह्या लोखंडाला लागलेला नव्हता. 'अचलची आहे' म्हणावं तर ते खोटं होतं, आणि खोट्यावर मान हलवायची तर इतकी वर्षं लोकांच्या गाड्या कोणत्या तोंडानं परत पाठवल्या? त्यांनी पदर खोचला, कुणाची तरी हातोडी मागून घेतली आणि त्या जमिनीवर पाठ टेकून मुंगळ्याच्या खाली शिरल्या.

त्या खाली गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. सांगाड्याच्या एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक रिव्हेटच्या एका अंगाला बोट लावायचं, दुसऱ्या अंगावर हातोडी टिचकी मारल्यासारखी टेकवायची. ढिला असेल तर बोटाला कळतं. मग पाटे, मग दांडा, मग ब्रेकची नळी. दारं उघडून मिटून पाहिली; दार आपलं आपण उघडलं, तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं. इंजिन सुरू करून त्याच्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. धाप न लागता, ठोका न चुकता ते चालत होतं, आणि बाईंच्या दंडापर्यंत ती धडधड चढत होती. वितळलेले पंप होते ते. थोरल्या मालकांनीही सुरुवात पंप दुरुस्त करण्यापासूनच केली होती.

भोवतालची माणसं जवळ सरकून पाहत होती. वकिलानंही पेन खिशात ठेवलं.

मागच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या रिव्हेटवर बाई थांबल्या. पुन्हा ठोकलं. पुन्हा बोट लावलं. मग खालूनच हात बाहेर काढून म्हणाल्या, "खडू आहे का?"

सुतारानं खडू दिला. बाईंनी त्या रिव्हेटभोवती गोल काढला, बाहेर आल्या, उठून उभ्या राहिल्या आणि हात झटकले.

"नापास."

सुनेनं तोंडावर हात ठेवला. गुडघे मोडत नव्हते तरी तात्या वाकले, खाली शिरले, गोल काढलेल्या जागी स्वतः बोट लावून त्यांनी हातोडी टेकवली. आतून त्यांचा आवाज आला. "हलतोय. केसाएवढा हलतोय." मग तोच आवाज कडाडला. "कुणी मारलाय हा?"

"तुम्हीच, मामंजी," सून म्हणाली. "काल माझा हात भरून आला होता, म्हणून तुम्ही घण घेतलात. सरक म्हणालात मला."

हास्याचा असा स्फोट झाला, की भट्टीपाशी उभी असलेली माणसं काय झालं म्हणून धावत आली. तात्या बाहेर आले, तेव्हा जळक्या भुवयांखाली त्यांचे डोळे चमकत होते. "काढा तो! तापवा दुसरा! बाईंनी परत पाठवलीय!" आणि ही आनंदाची बातमी असावी तशी ती वाक्यं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेली. परत पाठवली. अचलच्या बाईंनी परत पाठवली.

वकील बाईंजवळ आला. "म्हणजे लिहू ना? आपली नाही?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. इतका वेळ जे शोधत होत्या, ते त्यांच्याच तोंडून निघून गेलं होतं आणि त्यांना आत्ता ऐकू आलं होतं.

"फोन लावा मालकीणबाईंना," त्या म्हणाल्या.

फोन वरच्या अंगणात लागला. बाईंनी काय पाहिलं ते थोडक्यात सांगितलं. भट्टी, शेड, डोंगरभर चाललेल्या गाड्या.

"आपण बनवलेल्या नाहीत ना त्या?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आपल्या नाहीत."

"मी आत्ता त्यातली एक नापास केली," बाई म्हणाल्या. "आजवर मी दुसऱ्या कंपनीची एकही गाडी नापास केलेली नाही. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या गाडीत खोट दिसली, तर माणूस बघून सोडून देतं. ही मला सोडून देता आली नाही. आपली नसती तर सोडली असती."

वकिलानं फोन कट झाला का म्हणून वाकून पाहिलं.

"कशात नापास झाली?" अखेर मालकीणबाईंनी विचारलं.

"एक रिव्हेट."

"फक्त?"

"फक्त म्हणजे? एक ढिला असला की नापासच." बाईंनी आवाज सरळ केला. "आत्ता बदलतायत. बदलला की परत बघणार मी."

"आणि दालनातला मुंगळा?"

"हे लोक एकही उभा ठेवू देणार नाहीत, बाईसाहेब. इथे सगळे कामात आहेत."

मालकीणबाई हसल्या की त्यांनी सुस्कारा टाकला, हे फोनवरून कळलं नाही. "बाई म्हणतील ते शेवटचं, असं मीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "वकिलांना सांगा, तो अर्ज फाडा म्हणावं. दुसरा मसुदा लागेल. ह्यांना आपल्यात कसं घ्यायचं त्याचा."

वकिलानं ऐकलं होतं. तो कठड्यापाशी जाऊन उभा राहिला, आणि मग न वळताच त्यानं हाक मारली. "बाई, जरा इकडे या."

बाई गेल्या. खाली घाटाचा रस्ता दिसत होता. मघाशी मुंगळे वर-खाली दोन्हीकडे चालले होते. आता सगळ्यांची तोंडं वर होती. दगड भरलेले, लाकूड भरलेले, रिकामे. रंग उडालेले आणि काल रंगवलेले. चाळीस वर्षांचे आणि चार दिवसांचे. वळणामागून वळण, दरीच्या तळापर्यंत आणि तळावरून पलीकडच्या डोंगरावर, एकामागे एक शिस्तीत ओळ लागत होती. ज्यांचा माल उतरवायचा होता त्यांनी तो वाटेतच उतरवून ठेवला होता. इंजिनं धडधडत होती आणि तो आवाज पायाखालच्या दगडातून वर येत होता.

"हे कशाला येतायत?" वकिलानं दबक्या आवाजात विचारलं. "नापास करतात म्हटल्यावर लोक पळून जातात हो."

सून धापा टाकत वर आली. "बाई, निरोप खालपर्यंत गेलाय. सगळे म्हणतायत, आमचीही बघा. पहिला तो पाण्याच्या टाकीवाला आहे, त्याला घाई आहे म्हणतो. तशी घाई सगळ्यांनाच आहे." ती थांबली. "बघाल ना?"

बाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. ओळीचं शेवटचं टोक दिसत नव्हतं. त्यांनी सुटलेला पदर पुन्हा खोचला आणि हातातला खडू मधोमध मोडून अर्धा वकिलाच्या हातावर ठेवला.

"वकील," त्या म्हणाल्या, "कोट काढा."